पाना कुणाच्या हातात?

सिंगापुरात मोटार कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला सगळे ‘एजंट’ म्हणतात. एजंटच्या सर्व्हिस काउंटरवर गाडी घेऊन गेलं की किल्ली घेण्याआधी ते एक कागद पुढे करतात. आम्हाला मिळालेल्या कागदावर वर चाळीस हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचा खर्च होता आणि खाली ‘शिफारस’ म्हणून एक यादी: इंजिन फ्लश, इंजेक्टरची सफाई, कूलंट, ब्रेक फ्लुइड, केबिन फिल्टर, एसीचं निर्जंतुकीकरण, टायरमध्ये नायट्रोजन. शिफारशींची बेरीज मूळ सर्व्हिसपेक्षा जास्त. माझ्या बायकोनं कागदाचा फोटो काढला, विचार करून कळवते म्हणाली आणि गाडी तशीच घरी घेऊन आली.

तिचे मामा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभी हयात काढलेला माणूस. हाताला ग्रीस लागलेला मामा आपल्याच बाजूनं बोलणार, अशी भाचीला खात्री होती. तसं झालं नाही, आणि रविवारची सकाळ त्यात गेली. मी ऐकत होतो, कारण बिल कुणी का ठरवेना, कार्ड माझं जाणार होतं.

भाची : मामा, तूच सांग. यातलं निम्मं काम मी घरी करू शकते की नाही?

मामा : करू शकतेस. करावंस का, ते वेगळं.

भाची : म्हणजे तूही एजंटच्या बाजूचा?

मामा : मी तक्त्याच्या बाजूचा. आमच्याकडे गाडी आली की ड्रायव्हर काय म्हणतो ते ऐकायचो, पण काम तक्त्याप्रमाणं. किलोमीटर किती झाले, मागं काय बदललं, कुणी बदललं, खाली सही. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा बॉनेट उघडलं असतं तर निम्म्या गाड्या खंबाटकी घाटात उभ्या राहिल्या असत्या.

भाची : तक्ता मलाही मान्य आहे. पण हा तक्ता नाहीच. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं मी काल रात्री. इंजिन फ्लश? कुठंच नाही. इंजेक्टरची सफाई? नाही. नायट्रोजन? नाही. कूलंट आहे, पण पहिल्यांदा बदलायचं १,६०,००० किलोमीटरला. आपली गाडी चाळीस हजारावर आहे.

मामांनी चष्मा मागितला आणि ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, “हे मात्र जास्त झालं.”

कूलंटच्या त्या ओळीवर जरा थांबायला हवं, कारण तिच्यातली गंमत सिंगापूरबाहेर कळायची नाही. इथं गाडी रस्त्यावर आणायची तर आधी ‘सीओई’ घ्यावी लागते, म्हणजे गाडी ठेवण्याचा परवाना. मे १९९० पासून ही पद्धत आहे. सरकार ठरावीक संख्येनं परवाने काढतं, त्यासाठी महिन्यातून दोनदा बोली लागते आणि परवाना चालतो दहा वर्षं. मुदत संपली की गाडी मोडीत काढायची, परदेशी पाठवायची, किंवा त्या वेळचा दर भरून पाच वा दहा वर्षांसाठी परवाना वाढवून घ्यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या गटातली सीओई १,०६,००० डॉलरवर गेली होती आणि मोठ्या गाड्यांची दीड लाखावर. हा नुसता परवाना. गाडीची किंमत आणि कर वेगळे. आमची गाडी वर्षाला तेरा-चौदा हजार किलोमीटर चालते. म्हणजे पहिलं कूलंट बदलायची वेळ येण्याआधीच तिची कायदेशीर दहा वर्षं संपलेली असतील. आणि एजंट ते चौथ्या हिश्श्यालाच बदलायला निघाला होता.

मामा : नायट्रोजनचं काय म्हणतात?

भाची : टायर थंड राहतात, हवा कमी उतरते.

मामा : साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. राहिलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे घेतात का? विमानाच्या टायरला ठीक आहे. तू रोज सकाळी पुंगोलहून निघून शाळेशी थांबतेस आणि मग ऑफिसला जातेस. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा तपास. झालं.

इथवर भाची जिंकत होती. मग मामांनी पैशाचा मुद्दा काढला, आणि तो मला अनपेक्षित होता.

मामा : तो परवाना एक लाख सहा हजार डॉलरचा म्हणालात ना? दहा वर्षं म्हणजे साडेतीन हजारांवर दिवस. भाग दे.

भाची : दिवसाला एकोणतीस डॉलर.

मामा : गाडी खाली नुसती उभी असली तरी एकोणतीस डॉलर जातात. आता तू काहीतरी उघडलंस, चुकीचं बसवलंस आणि गाडी चार दिवस वर्कशॉपला गेली. वाचवलेले शंभर डॉलर गेले, वर टॅक्सीचे निराळे. इतकी महाग गाडी आणि तुला फिल्टरचे पैसे दिसतात?

भाची : हेच गणित काउंटरवरचा माणूस मांडत असतो, मामा. ज्यानं परवान्याला लाख मोजले तो साठ डॉलरच्या फिल्टरला नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत आहे. गाडी महाग म्हणून तिचं सगळंच महाग घ्यायचं का? असाच फिल्टर बाहेर वीसला मिळतो. लावायला पाच मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही.

दोघांचीही आकडेमोड बरोबर होती. फरक इतकाच की मामा बिघडण्याचा खर्च मोजत होते आणि भाची न बिघडणाऱ्या कामाचा. केबिन फिल्टर चुकला तर फार तर एसीची हवा मंद येते, त्यानं गाडी रस्त्यात उभी राहत नाही. कामांची वाटणी या एका कसोटीवर करता येते, असं माझं मत तेव्हाच बनलं: चुकलं तर काय होईल?

मामा : बरं, वॉरंटी? बाहेरचा हात लागला की कंपनी हात वर करणार.

भाची : इथं तसं करता येत नाही. डिसेंबर २०१७ पासून.

ही गोष्ट सिंगापुरात राहणाऱ्या अनेकांना अजून ठाऊक नसते. पूर्वी एजंटच्या वॉरंटीच्या कागदात एक अट असायची: सर्व्हिस आणि दुरुस्ती आमच्याच वर्कशॉपमध्ये, नाहीतर वॉरंटी रद्द. इथल्या स्पर्धा आयोगानं सुट्या भागांच्या बाजाराची चौकशी केली. या अटीमुळे बाहेरच्या वर्कशॉपना नव्या गाड्या मिळतच नाहीत, हे त्यातून समोर आलं. मग विक्रेत्यांनी ती अट काढली. आता बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणानं वॉरंटी नाकारता येत नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर मात्र नाकारता येते.

मामांना यावर आपल्याकडची गोष्ट आठवली, आणि ती आठवायलाच हवी होती. २५ ऑगस्ट २०१४ ला भारताच्या स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं खुल्या बाजारात मिळू द्यायची नाहीत, बाहेरच्या मेकॅनिककडे गेलेल्या गाडीची वॉरंटी तोडायची, हा त्यांच्यावरचा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण बरीच वर्षं चाललं. मामा सांगत होते की तोवर नाक्यावरच्या मेकॅनिकला कंपनीचा पार्ट मागायला डीलरकडचा ओळखीचा माणूस शोधावा लागायचा. मला यात एक फरक दिसतो. भारतात भांडण दंडापर्यंत आणि अपिलापर्यंत गेलं. सिंगापुरात विक्रेत्यांनी कागदातली ओळ खोडली आणि विषय संपला. ओळ खोडली गेल्याची बातमी मात्र काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

मामा : ठीक आहे, अट गेली. पण उद्या इंजिनाचं काही झालं आणि ते म्हणाले की ऑइल वेळेवर बदललं नाही, तर काय दाखवशील?

भाची : बिल.

मामा : कुणाचं? ऑइल तू स्वतः बदललंस तर बिल ऑइलच्या डब्याचं असेल. बदलल्याचं नाही.

भाची गप्प बसली. मामांचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटला. अट गेल्यानं बाहेरच्या वर्कशॉपला जे संरक्षण मिळालं ते घरच्या हौशी माणसाला तितकं मिळत नाही. वर्कशॉपच्या बिलावर तारीख असते, किलोमीटर असतात, ऑइलचा ग्रेड असतो, शिक्का असतो. आपल्याकडे फार तर मीटरचा फोटो. वॉरंटीची वर्षं संपेपर्यंत ज्या कामावर पुढे वाद होऊ शकतो ते काम तिसऱ्या माणसाकडून करून त्याचं बिल ठेवावं, हे मामांचं म्हणणं मला पटलं.

भाची : ऑइल मी बदलणारच नव्हते. कुठं बदलू?

आणि खरंच, कुठं बदलणार? सिंगापुरात दहातली जवळपास आठ माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. गाड्या बहुमजली पार्किंगमध्ये. तिथं दुरुस्तीची कामं करायला मनाई आहे. गाडी धुवायचीसुद्धा ठरवून दिलेल्या जागी. पुण्यात बंगल्याच्या गेटशी किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात जॅक लावून गाडीखाली शिरणारा माणूस इथं दिसणार नाही. आणि शिरलाच, तर चार लिटर काळं ऑइल घेऊन तो जाणार कुठं? या बेटाच्या दोन तृतीयांश जमिनीवर पडणारं पावसाचं पाणी गटारांतून आणि कालव्यांतून तलावांत जातं, आणि तेच पाणी शुद्ध करून नळाला येतं. शहराच्या ऐन मध्यावर, उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेला मरीना जलाशय २००८ मध्ये बांध पूर्ण झाल्यावर असाच पिण्याच्या पाण्याचा झाला. रस्त्याकडेच्या गटारात ओतलेलं ऑइल इथं स्वतःच्या माठात ओतल्यासारखं आहे, शिवाय तो गुन्हा.

मामा : आमच्याकडे गटारात जायचं. खोटं कशाला बोलू.

भाची : म्हणून माझी यादी छोटी आहे. केबिन फिल्टर, एअर फिल्टर, वायपर, काच धुवायचं पाणी, टायरची हवा. बॅटरीसुद्धा मी बदलेन.

मामा : बॅटरी नको.

भाची : का? दोन नट आहेत.

मामा : सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन आहे तुझं. त्याला साधी बॅटरी चालत नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी लावल्यावर कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, हे तुला ठाऊक असेल. पण पाना दोन्हीकडे टेकला तर काय होतं ते मी पाहिलंय.

बॅटरी इथं दोन-तीन वर्षांत जाते. उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. ती बदलून देणारी माणसं फोन केल्यावर पार्किंगमध्ये येतात आणि जुनी बॅटरी घेऊन जातात. भाचीनं हा मुद्दा सोडला. एअर फिल्टर मात्र तिनं सोडला नाही. आम्ही तिघं खाली गेलो तेव्हा तिनं डब्याच्या चार क्लिपा काढून फिल्टर मामांच्या हातात दिला. मग डॅशबोर्डचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला आणि त्यामागचा केबिन फिल्टर ओढून काढला. त्यावर पानांचा चुरा, धूळ आणि मेलेल्या मुंगळ्यांची एक रांग होती. मामांनी नव्या फिल्टरवरचा बाण हवा जाते त्या दिशेला आहे की नाही एवढंच पाहिलं. “एवढ्याचे साठ डॉलर घेतात?” हा त्यांचा एकच प्रश्न होता. एसीला वास येत नव्हता, म्हणून निर्जंतुकीकरणावर कुणी बोललंच नाही.

वर येऊन पुस्तक पुन्हा उघडलं ते मामांनी, आणि त्यांनी पान उलटलं.

मामा : तू हा रकाना वाचलास. शेजारचा वाचलास का?

त्या शेजारच्या रकान्यावर ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असं होतं. सतत जवळचे फेरे, रांगेत थांबत-थांबत चालणं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. असं असेल तर ऑइल निम्म्या अंतराला बदलायचं. आणि किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते.

भाची : पण मागच्या वेळेपासून चार हजारच झालेत.

मामा : चार हजार कसे झाले ते बघ. शाळा तीन किलोमीटर. इंजिन नीट तापण्याआधी बंद. पेट्रोलचा अंश आणि वाफ ऑइलमध्येच राहते. लांब जाणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीचं ऑइल लवकर मरतं. आमच्याकडे शहरातल्या गाड्यांची इंजिनं मुंबई-पुणे करणाऱ्या गाड्यांपेक्षा वाईट अवस्थेत यायची. ऑइल बदल. आणि ब्रेक फ्लुइडही.

भाची : ते शिफारशीत आहे म्हणून मला संशय होता.

मामा : शिफारशीत आहे म्हणून खोटं होत नाही. ते द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मिसळलं की उकळण्याचं तापमान खाली येतं. उतारावर सारखे ब्रेक दाबले की वाफ होते आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांनी बदलायचं. पुस्तकात बघ, असणार.

पुस्तकात होतं. ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता असलेल्या या गावात तर त्यावर वाद घालायलाच नको होता. मला या क्षणी पुस्तकाची खरी किंमत कळली. आदल्या रात्री ते एजंटच्या विरोधात बोलत होतं, सकाळी तेच काटकसरीच्या विरोधात बोललं. यादीतली किती कामं फालतू आहेत एवढंच शोधायला बसलेला माणूस पहिला रकाना वाचतो आणि थांबतो.

भाचीनं शेवटचा प्रयत्न म्हणून जोहोरचं नाव काढलं. पूल ओलांडला की मलेशियात मजुरी स्वस्त, तिच्या ऑफिसातले कितीतरी जण तिकडेच सर्व्हिस करतात. पण सिंगापुरातून बाहेर पडताना टाकी पाऊण भरलेली असावी लागते, १९९१ पासूनचा नियम. वर पुलावरची रांग आणि मलेशियाचा प्रवेश परवाना. तिकडे दुसऱ्या काही कामासाठी जात असाल तर ठीक. फक्त ऑइलसाठी जाणं म्हणजे रविवार विकणं.

मामा : आणि विकताना? एजंटकडची नोंद असेल तर दोन पैसे जास्त येतात ना?

भाची : येतात थोडे. पण इथं जुन्या गाडीची किंमत आधी सीओईची किती वर्षं उरलीत त्यावर ठरते. नोंद माझ्याकडेही राहील. बिलं फाइलला.

मामा : मग बाहेरचा चांगला मेकॅनिक शोध. आणि जुना पार्ट परत माग. कागदावर लिहिलेलं काम झालं की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

एजंटच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. कंपनीनं परत बोलावलेल्या दोषाची दुरुस्ती आणि सॉफ्टवेअरचे बदल त्याच्याकडेच होतात. गिअरबॉक्सचा खरा बिघाड असेल तर मी डोळे मिटून तिथं जाईन. आक्षेप शिफारशींच्या यादीवर आहे. सक्तीच्या तपासणीवर विसंबूनही चालत नाही. इथल्या परिवहन प्राधिकरणाच्या नियमानं गाडी तीन वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दर वर्षी व्हिकॉमसारख्या केंद्रात न्यावी लागते. मामांच्या भाषेत पासिंग. तिथं ब्रेक, धूर, दिवे, टायर बघतात. तुमचं ऑइल किती जुनं आहे ते बघत नाहीत.

विजेच्या गाड्यांनी हे भांडण निम्मं मिटेल असं भाचीचं म्हणणं. २०२४ मध्ये सिंगापुरात सर्वाधिक खपलेला ब्रँड बीवायडी होता आणि २०३० पासून नव्यानं नोंदवली जाणारी प्रत्येक गाडी स्वच्छ ऊर्जेवरची असावी लागणार आहे. ऑइल जाईल हे खरं. ब्रेक फ्लुइड, टायर, वायपर आणि केबिन फिल्टर राहणार, आणि शिफारशींच्या यादीत नवीन काय येतं ते बघायचं.

आमच्या कागदाचं असं झालं. फ्लश, इंजेक्टर, कूलंट, नायट्रोजन आणि निर्जंतुकीकरण खोडलं. दोन्ही फिल्टर पार्किंगमध्ये बदलून झाले होते. ऑइल आणि ब्रेक फ्लुइड उबीच्या एका वर्कशॉपमध्ये बदललं; मामा तिथं उभे होते आणि जुना ऑइल फिल्टर त्यांनी मागून घेतला. एकूण खर्च एजंटच्या कागदाच्या एक तृतीयांशाहून कमी आला. त्यातही बचतीचा मोठा वाटा आम्ही हातानं केलेल्या कामातून आलेला नाही, खोडलेल्या ओळींतून आला.

तुमची गाडी सिंगापुरात असो की सोलापुरात, पुढच्या सर्व्हिसला जाण्याआधी तिच्या पुस्तकातलं वेळापत्रकाचं पान, दोन्ही रकान्यांसकट, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. काउंटरवर कागद पुढे आला की शेजारी तो फोटो धरा आणि प्रत्येक ओळीला विचारा: हे पुस्तकात कुठं लिहिलंय?